साधनाची सत्तावन्न माणसं

साधनाला पहिल्यांदा शिसारी आली ती मच्छीमारांमुळे.

ऑनलाइन एम.ए.चं दुसरं सत्र होतं. विषय जनसंवाद. 'माझ्या परिसरातील लोकमाध्यमे' यावर वीस गुणांचा स्वाध्याय लिहून पाठवायचा होता. साधनानं तीन रविवार घातले. केदारखेड्याला माहेरी जाऊन आली, वडलांना बसवून विचारलं, पूर्वी गावात बातमी कशी फिरायची, दवंडी कोण द्यायचं, बाजारच्या दिवशी कोणत्या दुकानापुढं माणसं उगाच थांबायची. दहा पानं हातानं लिहिली, फोटो काढून चढवली. वीसपैकी अकरा गुण पडले. शेरा होता, 'संदर्भ अपुरे'.

तिच्याच वर्गातल्या अर्पिताला अठरा पडले. अर्पिता जालन्यातच राहायची, एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. तिनं आपला स्वाध्याय मोठ्या मनानं ग्रुपवर टाकला, कोणाला उपयोग होत असेल तर घ्या म्हणून. साधनानं उघडून वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं, 'आमच्या किनारपट्टीवरील मच्छीमार बांधव भरती-ओहोटीची माहिती एकमेकांना गाण्यांतून देतात.'

साधनानं तिला फोन लावला. "अगं, जालन्यात समुद्र कुठंय?"

अर्पिता हसली. "ताई, मी वाचलंच न्हाई ते. मागच्या बॅचच्या एकीकडून घेतलं. तिनं कुठून घेतलं तिलाच माहीत."

"आणि सरांनी अठरा दिले?"

"त्यांनी तरी कुठं वाचलं? तुम्ही लई मनाला लावून घेता ताई. पानं भरलेली पाहिजेत, बस."

साधनानं फोन ठेवला. दुपारचं जेवण पुढं होतं, पण भाकरीचा घास तोंडात फिरायला लागला. राग आला असता तर बरं वाटलं असतं. राग येऊन निघून जातो. हे तसं नव्हतं. दूध नासलंय हे तोंडात घेतल्यावर कळावं, तसं होतं.

साधना तेव्हा छत्तीस वर्षांची होती. केदारखेड्याच्या कडूबांची धाकटी लेक. बी.ए. करून लग्न झालं आणि ती जालन्यात आली. नवरा भारत एमआयडीसीत लोखंडाच्या सळया काढणाऱ्या कारखान्यात वजनकाट्यावर होता. मुलगी शाळेत जायला लागल्यावर साधनाही त्याच बाजूच्या एका बियाणे कंपनीत लागली. आधी आलेल्या पत्रांची नोंद करायची, मग फोनच्या विभागात घेतलं. शेतकऱ्यांना आठवड्याला एक बोलता संदेश जायचा. फोन वाजायचा, उचलला की बाईचा आवाज यायचा. तो आवाज साधनाचा होता.

तो आवाज निवडला अवधूत साहेबांनी. ते विभागाचे मॅनेजर. पुण्याहून आवाजाच्या कलावंत बाईंची ध्वनिफीत मागवली होती, ती त्यांना पटली नव्हती. एक दिवस साधना टेलिफोनवर कोणाशी तरी बोलत होती, ते मागं उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "ताई, असंच बोला. आणि बोलताना थोडं हसा. हसू ऐकू येतं." तेव्हापासून चार वर्षं जिल्ह्यातल्या हजारो फोनांत साधना हसत बोलत होती. "नमस्कार दादा, नमस्कार ताई. कसे आहात? तुमची पेरणी झाली का? झाली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा." प्रश्नानंतर पाच सेकंदांची शांतता ठेवायची, ही कल्पना तिचीच. आधी दोनच सेकंद होती. ती म्हणाली होती, माणसाला उत्तर द्यायला वेळ द्यावा, नाहीतर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. अवधूत साहेबांना ते फार आवडलं होतं.

एम.ए.ला नाव घालण्याच्या आदल्या वर्षी कंपनीनं जनसंवाद अधिकारी अशी नवी जागा काढायचं ठरवलं. त्यासाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागणार होती. साहेबांनी स्वतः साधनाला सांगितलं, "घरबसल्या होतं आता. करून टाका. जागा तुमचीच धरतो."

जागेसाठी तिनं नाव घातलं हे खरं. पण पहिल्या सत्राची पुस्तकं आली तेव्हा ती खरोखर हरखली. बोलणं म्हणजे काय, ऐकणं म्हणजे काय, सांगणाऱ्याच्या मनातलं ऐकणाऱ्यापर्यंत जाताना वाटेत काय काय होतं, यावर लोकांनी इतका विचार करून ठेवलाय हे तिला माहीत नव्हतं. सकाळी पाचला उठून डबे व्हायच्या आत ती तासभर वाचायची. एका पानावर लिहिलं होतं की ऐकणाऱ्याचं उत्तर सांगणाऱ्याकडं परत आलं तरच संवाद पुरा होतो. त्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती.

मग रविवारचे वर्ग सुरू झाले. पडद्यावर पासष्ट नावं, चेहरा एकाचाही नाही. सर पडद्यावरचं पान वाचून दाखवायचे, अगदी स्वल्पविरामासकट. मध्येच कोणाच्या तरी घरातला कुकर वाजायचा, कोणी तरी 'म्यूट करा' म्हणायचं, आणि पुन्हा वाचन. एकदा साधनानं प्रश्न विचारला. सर म्हणाले, "छान प्रश्न आहे, ग्रुपवर टाका." तिनं ग्रुपवर टाकला. त्याखाली अकरा जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. उत्तर आलं नाही.

मच्छीमारांची गोष्ट घडली ती यानंतर. तिनं भारतला सांगितलं. तो पोट धरून हसला. "मंग तूबी टाकायचे होते चार मच्छीमार," तो म्हणाला. साधना हसली नाही. तेव्हा तो गप्प झाला. भारत मनानं वाईट नव्हता. काट्यावर दिवसभर ट्रक तोलून आल्यावर त्याला कुठलीही गोष्ट जड करायला आवडायची नाही, इतकंच.

चौथ्या सत्राला प्रबंध होता. मार्गदर्शक म्हणून मार्तंड सर मिळाले. वयानं मोठे, आवाज गोड, फोनवर सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे. साधनानं विषय घेतला, 'बियाणे कंपनीचे बोलते संदेश आणि शेतकऱ्यांचा प्रतिसाद'. स्वतःच्याच कामावर लिहायचं. आपण पाच वर्षं बोलतोय, पलीकडं काय होतंय, ते तरी कळेल.

"उत्तम विषय," मार्तंड सर म्हणाले. "शंभर फॉर्म भरून आणायचे. शंभराच्या खाली विद्यापीठ घेत नाही. आणि बाळ, उन्हातान्हात हिंडायची काही गरज नाही. तुला तुझ्या लोकांची उत्तरं माहीत असणारच. घरी बसून भर."

"न्हाई सर, मी जाते," साधना म्हणाली.

"जा, जा. दोन-चार ठिकाणी जा. फोटो मात्र काढ, फोटो लागतात."

ती गेली. मार्च-एप्रिलचे सगळे रविवार गेले. कधी स्कूटीवर एकटी, लांबचं गाव असलं की भारतच्या गाडीवर मागं बसून. उन्हानं चेहरा काळवंडला. लोक फॉर्म बघूनच बिचकायचे, कसली योजना आहे का विचारायचे, नाही म्हटलं की उठून जायचे. एकेक फॉर्म भरायला अर्धा-पाऊण तास जायचा. पण जी माणसं बोलली ती बोलली. कोणी म्हणे, फोन येतो तवा मी मोटारीपाशी असतो, ऐकूच येत न्हाई. कोणी म्हणे, बाई गोड बोलती पण बोलणं एकाच बाजूनं आहे. एकानं सांगितलं, तुमचा फोन आला की माहं पोरगं तो लाउडला लावतं आणि तुमची नक्कल करतं. साधना सगळं लिहून घ्यायची. आपला आवाज हाच तो, हे ती कोणालाही सांगत नव्हती.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ती आणि भारत आष्टीला गेले. बाजारपेठेच्या मागच्या आळीत सोनूबाई नावाची एक म्हातारी राहायची. सत्तरीची असावी. नवरा वारलेला, तीन एकर सोयाबीनची जमीन ती स्वतःच बघायची. साधनानं ओसरीवर बसून नमस्कार केला आणि म्हणाली, "मावशी, बियाण्याच्या फोनाबद्दल इचारायचं होतं."

सोनूबाईनं मान वर केली. तिचा चेहरा उजळला. "अगं माय, तूच ती. तूच बोलतीस न्हाई का फोनात?"

चाळीस-एक लोकांनी ओळखलं नव्हतं. या बाईनं पहिल्या वाक्याला ओळखलं. साधना हो म्हणाली.

म्हातारीनं तिचा हात धरून जवळ बसवलं. भारतला पाणी दिलं. मग बोलायला लागली. मंगळवारी सकाळी फोन येतो म्हणून ती मंगळवारी शेतात उशिरा जायची. फोनचे आकडे तिला दिसत नव्हते, एक दाबा दोन दाबा तिला जमत नव्हतं. "मंग म्या तोंडानंच सांगायची. तू इचारायचीस, पेरणी झाली का. म्या म्हनायची, झाली माय, पन बी काई उगवलं न्हाई बराबर. अर्धं रान मोकळं दिसून राह्यलं. तू ऐकून घ्यायचीस. कोनी मधी बोलतं, तू मधी बोलत नव्हतीस. दम धरून ऐकायचीस. म्हनून मंग म्या दुसरं बी सांगायची."

"काय सांगायच्या?" साधनानं विचारलं.

"शालूचं सांगितलं न्हाई का तुला? माही लेक. नवऱ्यानं आनून घातली दिवाळीला. लोकाला सांगितलं म्या, बाळंतपनाला आलीय. गावात कोनाला ठाव न्हाई. तुलाच तेवढं सांगितलं."

पाच सेकंदांची शांतता. कार्यालयात त्या शांततेचा हिशेब यायचा. सोनूबाईसारख्यांच्या नावापुढं दर मंगळवारी लिहिलं जायचं, 'प्रतिसाद नाही'. साधना स्वतःच ते कागद फाईलला लावायची.

खोटं बोलून निघून येता आलं असतं. भारतनं डोळ्यांनी तसं सुचवलंही. पण साधना म्हणाली, "मावशी, ती मी नव्हते. म्हंजे आवाज माझा, पण तो आधीच भरून ठेवलेला असतो. टेपसारखा. एकच आवाज सगळ्यांना जातो."

सोनूबाईला समजायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "मंग ऐकत कोन होतं?"

"कोणीच न्हाई मावशी."

म्हातारीनं धरलेला हात सोडला. रागावली नाही. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, घरात परकं माणूस शिरल्यासारखा, आणि ओठ घट्ट मिटले. आतल्या खोलीच्या दाराशी एक तिशीची बाई येऊन उभी राहिली होती, ती मागं सरकली. काही वेळानं सोनूबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "येवढं हसून कशाला बोलती मंग?"

साधनानं फॉर्म पिशवीत घातला. उठताना म्हातारी एवढंच म्हणाली, "माहं नाव नको टाकू कागदावर. आन लेकीचं तर बिलकुलच नको."

परतीच्या वाटेवर भारतनं गाडी एका लिंबाखाली थांबवली. साधना रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. पोटात काही नव्हतं, तरी दोनदा उमळून आलं. "ऊन लागलं तुला," भारत म्हणाला. ती म्हणाली, "ऊन न्हाई."

तिथून पुढं तिला स्वतःचा आवाज सोसेना. मंगळवारी ऑफिसात संदेश सोडण्याआधी एकदा तपासून बघायचा असतो. 'नमस्कार दादा, नमस्कार ताई, कसे आहात?' त्यातलं ते हसू ऐकलं की तिच्या अंगावर काटा यायचा. गुळाच्या पाकात बोट बुडावं आणि पुसायला काही नसावं, असा तो आवाज. ती कानावरचा हेडफोन काढून ठेवायची आणि तपासलं म्हणून सही करायची.

सगळे मिळून त्रेचाळीस फॉर्म झाले होते. तिनं प्रबंध लिहिला. सोनूबाईचं नाव, गाव, लेक, सगळं गाळून एक पान लिहिलं. एक वृद्ध स्त्री नोंदवलेल्या आवाजाला वर्षभर उत्तरं देत राहिली, आणि कंपनीच्या नोंदीत ती 'प्रतिसाद नाही' अशी राहिली. साधनाच्या मते सगळ्या प्रबंधात तेच एक पान कामाचं होतं.

मार्तंड सरांनी दोन दिवसांत परत पाठवलं. वर फोन केला. "बाळ, त्रेचाळीस कसे चालतील? आठ दिवस आहेत, सत्तावन्न पुरे कर. आणि ते म्हातारीचं पान काढून टाक."

"का सर?"

"विश्वसनीय वाटत नाही. टेपशी कोण बोलतं? परीक्षक म्हणतील विद्यार्थिनीनं मनानं रचलंय."

"सर, ते खरं आहे. बाकीचे सत्तावन्न मी मनानं रचायचे आणि हे खरं काढायचं?"

मग सर तितक्याच गोड आवाजात म्हणाले, "तुला पदवी पाहिजे का वाद पाहिजे, ते ठरव. वर्ष वाया गेलं तर मला दोष देऊ नको."

साधनानं दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी अवधूत साहेबांनी सहज विचारलं, "काय, झालं का एम.ए.? जागेचं पत्र वरून आलंय." त्या रविवारी दुपारी ती कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसली. भारतनं आपण होऊन दुकानातून चार रंगांचे, चार जाडीचे पेन आणले. एकसारखं अक्षर दिसू नये म्हणून वीस फॉर्म तो डाव्या हातानं भरणार होता.

पहिली चार-पाच माणसं घडवताना तिचा हात अडखळला. दहाव्या माणसाला हात सरावला. गाव, वय, एकर, पीक. समाधानी, अत्यंत समाधानी, मध्येच एखादा असमाधानी, खरं वाटावं म्हणून. तिच्या लक्षात आलं की हे काम किती सोपं आहे. खरी माणसं अडखळतात, विषय सोडतात, चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत, नाव टाकू नको म्हणतात. या माणसांचं तसं काही नव्हतं. विचारलं तेवढंच बोलत होती आणि छान बोलत होती.

शेवटी 'आपले मत' असा रकाना होता. त्र्याहत्तराव्या फॉर्मावर तिनं धर्मराज नावाचा बावन्न वर्षांचा शेतकरी केला आणि त्याच्या तोंडी घातलं, 'ताईचा फोन आला की माहेरचं माणूस बांधावर येऊन उभं राहिल्यावानी वाटतं.' लिहून झाल्यावर तिनं ते पुन्हा वाचलं. पुरुषाला कसलं माहेर? तिला स्वतःचीच इतकी घाण वाटली की ती उठून मोरीत गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. खोडून दुसरं लिहायचं त्राण नव्हतं. फॉर्म तसाच राहिला.

"झाले का?" भारतनं विचारलं.

"झाले."

"मंग झालं तर. सगळेच करतेत."

"सगळेच करतेत म्हणूनच वास येऊन राह्यला," ती म्हणाली. भारत उगाच नाक ओढून बघायला लागला, मग त्याला कळलं, आणि तो पेनांची टोपणं लावत बसला.

तोंडी परीक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली, सकाळी अकराला, ऑनलाइन. साधनानं रजा टाकली, इस्त्रीची साडी नेसली, मागं पांढरी चादर लावली. पडद्यावर मार्तंड सर होते आणि बाहेरच्या परीक्षक म्हणून उमा मॅडम. मॅडमचा कॅमेरा बंद. त्या काहीतरी कुरकुरीत खात असाव्यात, ते ऐकू येत होतं.

"प्रबंध चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "शंभर फॉर्म, तक्ते व्यवस्थित. मला सर्वांत आवडलं ते एका शेतकऱ्याचं वाक्य. धर्मराज. माहेरचं माणूस बांधावर येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. किती अस्सल आहे हे. पुरुषाला माहेर वाटावं, यातच सगळं आलं. असं वाक्य घरी बसून सुचत नाही. यासाठी मातीत जावं लागतं."

"मी नेहमी सांगतो विद्यार्थ्यांना," मार्तंड सर म्हणाले, "मातीत जा."

साधना पडद्याकडं बघत राहिली. मार्तंड सरांचा चेहरा शांत होता, एखाद्या लग्नात बसल्यासारखा. तिच्या पोटातून काहीतरी वर आलं आणि तिला वाटलं, आता हे तोंडातून बाहेर पडणार, शब्द होऊन पडू दे.

"मॅडम," ती म्हणाली, "ते वाक्य मी घरी बसून लिहिलंय. धर्मराज नावाचं कोणी न्हाई. शंभरातले सत्तावन्न फॉर्म मी आणि माझ्या नवऱ्यानं भरलेत. खरे त्रेचाळीस आहेत. आणि एक खरं पान होतं, ते मला काढायला लावलं."

कुरकुर थांबली.

मग मार्तंड सर कानाला हात लावून म्हणाले, "साधना, आवाज तुटतोय. नेटवर्क गेलंय वाटतं."

"न्हाई सर, मला तुमचं नीट ऐकू येऊन राह्यलं."

"हॅलो? मॅडम, तुम्हाला ऐकू येतंय का?"

"नाही, मलाही तुटक येतंय," उमा मॅडम म्हणाल्या. "खेड्यापाड्यात हा प्रश्न आहेच. असू दे, माझे प्रश्न झालेत."

"ठीक आहे बाळ, शुभेच्छा," मार्तंड सर म्हणाले, आणि पडदा बंद झाला.

भारत दाराआडून ऐकत होता. तो आत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "ऐकलं त्यांनी," तो म्हणाला. "मला बाहेर ऐकू आलं. त्यांनी सगळं ऐकलं."

"हाव," साधना म्हणाली. "बराबर ऐकलं."

तिनं त्याच दुपारी परीक्षा विभागाला सगळं सविस्तर लिहून पाठवलं. नावं घातली, फॉर्मांचे क्रमांक घातले. काही मिनिटांत उत्तर आलं की आपला संदेश मिळाला आहे, आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. त्याखाली लिहिलं होतं, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. महिन्याभरात निकाल लागला. प्रबंधाला शंभरात ब्याऐंशी. पहिला वर्ग.

ऑफिसात पेढे अवधूत साहेबांनीच मागवले. त्यांनी प्रबंध मागून घेतला होता. पंधरा दिवसांनी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि छापून आलेलं एक माहितीपत्रक पुढं ठेवलं. पिवळ्या फेट्यातला, कुठल्या तरी विकतच्या फोटोतला एक हसरा माणूस, त्याखाली धर्मराज असं नाव, आणि ते वाक्य. पन्नास हजार प्रती.

"साहेब, हा माणूस नाहीये," साधना म्हणाली. "हे मी बनवलं. प्रबंधात खोटं घातलं होतं."

साहेबांनी क्षणभर विचार केला. "वाक्य चांगलं आहे ना पण," ते म्हणाले. "माणूस काय, कोणीही असू शकतो. तुम्ही आता हे डोक्यातून काढा. पत्रावर सही करा. जनसंवाद अधिकारी, पहिल्या तारखेपासून. पहिलं काम म्हणजे नवे संदेश भरायचे, दहा तालुक्यांसाठी."

"फोन उचलणाऱ्याचं उत्तर कोणी ऐकणार असेल तर भरते. एक माणूस बसवा पलीकडं. एकच."

"ताई, हजारो फोन असतात."

"म्हणूनच म्हणते."

"प्रस्ताव द्या," साहेब म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.

साधनानं सही केली नाही. तिनं कागद परत सरकवला आणि बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत बदली मागितली. तिथं मदतनीस बायांची एक जागा रिकामी होती. साहेबांना वाटलं, बाईला काहीतरी झालंय. एम.ए. झालेली बाई दाणे मोजायला चाललीय. त्यांनी भारतला फोन करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. भारतनं संध्याकाळी तिला एवढंच विचारलं, "पक्कं ठरलंय?" ती हो म्हणाली. तो म्हणाला, "मंग ठीक आहे. मला काट्यावर बसून कळतंय थोडं, आकडा खरा लिहायचा म्हंजे काय ते." त्यावर जास्त तो कधी बोलला नाही.

जुना आवाज काही बंद झाला नाही. ध्वनिफीत कंपनीची होती. अर्पिताला मात्र कुठूनशी या जागेची बातमी लागली. तिनं अर्ज केला, आणि ती आता जनसंवाद अधिकारी आहे. दोघी जेवणाच्या सुट्टीत भेटतात. अर्पिता मनानं चांगली आहे, डब्यातलं लोणचं देते. साधना घेते. पण अर्पिताच्या टेबलावरच्या त्या माहितीपत्रकांच्या गठ्ठ्याकडं साधनाला अजून बघवत नाही, ती पाठ करून बसते.

आष्टीला ती पुन्हा गेली नाही. जावं असं पुष्कळदा वाटलं. पण जाऊन काय करणार? माफी मागायला जायचं म्हणजे पुन्हा तोच आवाज घेऊन त्या ओसरीवर बसायचं. त्या बाईनं पदर पुढं ओढून घेतला होता, तो तसाच असू द्यावा, असं तिनं ठरवलं. यादीतून सोनूबाईचा नंबर काढून टाकण्याचं काम तेवढं तिनं बदलीच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारी केलं.

पदवी स्पीड पोस्टानं आली. भारतनं पदवीचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, तिनं नको म्हटलं तरी. त्यावर केदारखेड्याहून कडूबांचा फोन आला.

"मोठी पदवी घेतली म्हने," ते म्हणाले. "काय शिकली, सांग तर मला."

साधनानं सांगितलं. मच्छीमारांपासून धर्मराजपर्यंत सगळं. वीस मिनिटं ती बोलत होती आणि म्हातारा पलीकडं ऐकत होता. मध्ये एकदा खोकला, तेवढंच. तिचं सांगून झाल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. साधनाला वाटलं, फोन कटला.

"दादा?"

"हाय ना. ऐकून राह्यलो," कडूबा म्हणाले. "मंग आता काय काम करतीस?"

"ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे. आठव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर तो माल बाजारात जाऊ नये, असा नियम आहे."

"आन तिथं बोलावं लागतं का?"

"न्हाई. मोजायचं आणि लिहायचं."

"बरं," ते म्हणाले, आणि मग विहिरीच्या मोटारीचं काहीतरी सांगत बसले.

त्या आठवड्यात सोयाबीनच्या एका मोठ्या मालाची पाळी होती. साधनानं कागद उलगडला आणि मोड आलेले दाणे एकेक बाजूला काढत मोजले. एकोणसाठ भरले. सुपरवायझरनं पुन्हा मोजायला सांगितलं. तिनं पुन्हा मोजले, मग वहीत एकोणसाठ लिहिलं आणि खाली सही केली.